शेवटचं कडवं कापू नका : नाशिकच्या जयंती मंडळांना आणि भीमगीतं अपलोड करणाऱ्यांना खुलं पत्र

सप्रेम जय भीम.

हे पत्र खरं तर आमच्या एरियातल्या मंडळालाच द्यायचं होतं, दिलंही, ग्रुपवर टाकलं, दोन पदाधिकाऱ्यांना हातात दिलं, पण महिना झाला तरी कुणी त्यावर एक शब्द बोललं नाही. म्हणून आता सगळ्यांनाच लिहिते. मंडळाचं नाव घेत नाही, कारण हे एका मंडळाचं राहिलेलं नाही, तुम्ही वाचाल तेव्हा तुमच्यातल्या बऱ्याच जणांना आपल्याच मीटिंगबद्दल लिहिलंय असं वाटेल आणि ते तसंच आहे असं समजा.

मार्चमध्ये विहारात जयंतीची मीटिंग झाली. आमच्याकडे वर्षानुवर्षं १३ एप्रिलच्या संध्याकाळी गायन पार्टी असते, ढोलकी, पेटी, टाळ, चार कोरसवाले आणि मधे मधे बतावणी, म्हणजे सोंगाड्यासोबतचे हसवणारे सवाल-जबाब. यावर्षी ती रद्द केली. कारण काय तर पब्लिक बसत नाही. ते पैसे डीजेत घातले. गायन पार्टीचं मानधन डीजेच्या निम्म्यातही नव्हतं, म्हणजे वाचवायला म्हणून वाचवले असंही नाही. मी तिथं बोलले, मला सांगितलं की ताई वामनदादांचीच गाणी वाजणार आहेत ना, मग प्रॉब्लेम काय. वामनदादा म्हणजे लोककवी वामनदादा कर्डक, गाण्याच्या शेवटच्या कडव्यात ते आपलं ‘वामन’ हे नाव गुंफायचे.

प्रॉब्लेम १४ तारखेला दारात उभा राहिला.

माझे वडील, आम्ही आप्पा म्हणतो, चौऱ्याहत्तर वर्षांचे आहेत. प्रेसमध्ये शिफ्टला जाऊन उरलेल्या वेळात त्यांनी तीसेक वर्षं गायन पार्टीत ढोलकी वाजवली. आता गुडघे गेलेत म्हणून मिरवणुकीत चालत नाहीत, दारात खुर्ची टाकून बसतात. गाडी आमच्या गल्लीत आली, वामनदादांचं गाणं लागलं, आप्पा खुर्चीच्या हातावर ताल धरून बसले. पहिलं कडवं झालं, दुसरं अर्धं झालं, आणि शेवटच्या कडव्याची वेळ आली तेव्हा त्यांनी सवयीने हात वर केला, कारण तिथं ‘वामन’ येतो, तिथं कोरस उठतो, तिथं ढोलकीवाल्याला जागा असते. तेवढ्यात बीट बदललं आणि दुसरंच गाणं सुरू झालं. हात तसाच राहिला त्यांचा. मला म्हणाले, वामन कुठं गेला गं?

मी रात्री मोबाईलवर बसून तीच गाणी शोधली. एकेका गाण्याचे कितीतरी रिमिक्स सापडले, बहुतेकांत शेवटचं कडवं नाहीच. खाली डीजेचं नाव आहे, मिक्स करणाऱ्याचं आहे, चॅनलचा लोगो आहे, गाडी कुणाची तेही आहे. गीत कुणाचं ते नाही. एका ठिकाणी तर ‘पारंपरिक’ लिहिलंय! जो माणूस २००४ पर्यंत आपल्या नाशिकमध्ये जिवंत होता त्याचं गाणं पारंपरिक कसं झालं?

आता ज्यांना माहीत आहे त्यांनी पुढचं सोडलं तरी चालेल, पण मीटिंगमध्ये विशीतली पोरं होती आणि त्यांच्या चेहऱ्यावरून मला कळलं की त्यांना हे कुणी सांगितलेलंच नाही, म्हणून लिहिते.

वामन तबाजी कर्डक. जन्म १५ ऑगस्ट १९२२, गाव देशवंडी, तालुका सिन्नर. म्हणजे आपल्याच जिल्ह्यातला माणूस. सिन्नरचा भाग कोरडवाहू, विड्यांचा. घरात लाकडाच्या मोळ्या विकायच्या, हंगामात डिंक गोळा करायचा, विडीची पानं गोळा करायची. शाळा नाही. पोट भरायला मुंबई गाठली, शिवडीच्या चाळीत राहिले, गिरणीत काम केलं, कोळशाच्या वखारीत केलं, चिक्की विकली. सिनेमात काम करायची फार हौस, म्हणून स्टुडिओंच्या दारात उभे राहिले, एक्स्ट्रा म्हणून गर्दीत उभे राहिले. पुढं मराठी सिनेमासाठी त्यांनी गाणी लिहिली, पण तोंडाला रंग लावून पडद्यावर दिसायचं राहिलंच. माझं मत विचाराल तर त्यांच्यातला नट गेला नाही, तो गाण्यात शिरला. त्यांची गाणी नुसती म्हणता येत नाहीत, ती करून दाखवावी लागतात, एका ओळीत सवाल असतो, दुसरीत जबाब, मधेच कुणाकडे तरी बोट करावं लागतं. आप्पा म्हणतात दादांचं गाणं खाली मान घालून वाजवताच येत नाही, गाणाऱ्याच्या हाताकडे बघूनच थाप मारावी लागते.

आणि अक्षरओळख कशी झाली ते ऐका. चाळीत कुणीतरी एक पत्र त्यांच्या हातात दिलं, वाचून दाखवा म्हणून. वाचता येईना. मोठा माणूस, भरल्या चाळीत, रडू फुटलं. मग देहलवी नावाच्या मास्तरांकडून बाराखडी शिकले, जोडाक्षरं दुकानांच्या पाट्या वाचून वाचून बसवली. १९४३ साली नायगावला बाबासाहेबांना पाहिलं आणि त्याच वर्षी पहिलं गाणं लिहिलं, तेही एका हिंदी गाण्याच्या चालीवर विडंबन म्हणून. तिथून साठ वर्षं लिहीत आणि गात राहिले. गाणी किती, तर सगळे दहा हजारांच्या वर सांगतात. आकड्यावर मी भांडणार नाही. झोळी घेऊन गावोगाव फिरले, कार्यकर्त्यांच्या घरी जेवले, तिथंच झोपले, तिथंच लिहिलं. १९९३ ला वर्ध्याला पहिलं अखिल भारतीय आंबेडकरी साहित्य संमेलन झालं त्याचे अध्यक्ष तेच. १५ मे २००४ ला नाशिकमध्येच गेले.

अक्षर येत नाही म्हणून रडलेल्या माणसाने पुढं आपल्या गाण्यांच्या शेवटी स्वतःचं नाव गुंफलं, याचा अर्थ तुमच्या लक्षात येतोय का? नावाची हौस नव्हती ती. आपल्याकडे तुका म्हणे, नामा म्हणे, जनी म्हणे ही जुनी रीत आहे, गझलवालेही शेवटच्या शेरात नाव घालतात. ज्या लोकांसाठी ही गाणी होती त्यांच्या हातात पुस्तक नव्हतं, गाणं तोंडातून तोंडात जायचं, मग ते कुणाचं हे कळणार कसं, तर गाण्यातच सांगून ठेवायचं. शेतकऱ्याचा सातबारा तसं ते शेवटचं कडवं आहे. त्यांच्या एका संग्रहाचं नावच ‘हे गीत वामनाचे’ आहे. आणि आपण नेमकं तेवढंच कापतो, साडेतीन मिनिटांत बसत नाही म्हणून.

दुसरं, जे मला नावापेक्षाही जास्त लागतं. कापताना तुम्ही फक्त नाव कापत नाही. दादांच्या गाण्याचा मुखडा बऱ्याचदा जयजयकाराचा असतो, नाचायला बरा, पण गाणं जसजसं पुढं जातं तसं ते आपल्याकडे वळतं. पुढाऱ्यांनी फाटाफूट केली ते विचारतं, बापाने, म्हणजे बाबासाहेबांनी, एवढं दिलं त्याचं तुम्ही काय केलंत ते विचारतं. बड्या उद्योगपतींची नावं घेऊन आमचा वाटा कुठाय असं विचारणारं गाणं त्यांचंच. पहिल्या दोन ओळी लूपवर टाकल्या की कौतुक तेवढं राहतं आणि जाब जातो. मी कुणाला मुद्दाम केलं म्हणत नाही. पण होतंय ते हेच, आणि दहा-बारा वर्षांची पोरं दादांना नाचायच्या गाण्याचा माणूस म्हणून ओळखतायत.

डीजेच नको असं मी म्हणत नाहीये, हे नीट वाचा, नाहीतर कमेंटमध्ये तेच येईल. पोरांना नाचायचंय, नाचू द्या. दादांनी स्वतः सिनेमाच्या चाली घेतल्या, तेव्हा चाल नवी लावा, बीट लावा, मला काही अडचण नाही. गाणं पूर्ण वाजवा. कडवं मधलं एखादं वगळावं लागलं तर वगळा, शेवटचं नको.

गायन पार्टी आणि जलशाचं तर वेगळंच दुःख आहे. आपल्या जिल्ह्याला या बाबतीत केवढा वारसा आहे! काळाराम मंदिराचा सत्याग्रह २ मार्च १९३० ला सुरू झाला, १९३५ पर्यंत चालला, त्याच साली १३ ऑक्टोबरला येवल्याला बाबासाहेबांनी हिंदू धर्म सोडण्याची घोषणा केली. त्या सगळ्या वर्षांत पेपर वाचता न येणाऱ्या लोकांपर्यंत या गोष्टी पोचवल्या कुणी? जलशांनी. आपल्या नाशिक जिल्ह्यातले भीमराव कर्डक त्यातले सगळ्यात मोठे, त्यांनी पुढं आंबेडकरी जलशांवर पुस्तकच लिहिलं, १९७८ साली. (आडनाव एकच म्हणून बरेच जण भीमराव आणि वामनदादा यांची गल्लत करतात, दोघं वेगळे, भीमराव आधीच्या पिढीचे.) जलशाची रचना तमाशाचीच, गण, गवळण, बतावणी, वग. सत्यशोधक जलशांनी तो साचा आधी वापरला, मग आंबेडकरी जलशांनी घेतला, पण आत भरलं वेगळंच. देवाच्या स्तवनाच्या जागी माणसांचं वंदन आलं, वगात राजाराणी जाऊन सावकार आला, पाटील आला, पाणवठ्यावर अडवलेली बाई आली, शाळेत जाऊ पाहणारं पोरगं आलं. सोंगाड्या तोच, पण तो आता देवळाच्या पायरीवर उभं राहून प्रश्न विचारायचा. हे नाटक आहे, रंगभूमी आहे, आणि ती मोठ्या थिएटरात नाही तर चावडीसमोर गॅसबत्तीच्या उजेडात उभी राहिली.

आप्पांच्या पार्टीत बतावणी होती तोपर्यंत मी लहानपणी पाहिलंय. बाया मिळायच्या नाहीत म्हणून आप्पा तरुणपणी आत्याचं लुगडं नेसून बाईचं काम करायचे, पाण्याचा हंडा घेऊन, आणि सोंगाड्याने अडवलं की असं काही बोलायचे की समोरच्या बायका पदर तोंडाला लावून रडायच्या आणि लगेच पुढच्या वाक्याला हसायच्या. आजी सांगायची ते. मी पाहिलं तेव्हा ते ढोलकीवर होते, पण बतावणीतली दोन्ही बाजूंची वाक्यं त्यांना पाठ, ढोलकी वाजवता वाजवता ओठ हलायचे. ती वाक्यं कुठंच लिहिलेली नाहीत. त्या पार्टीतले आता तिघं उरलेत. एकाला ऐकू येत नाही, एक मुलाकडे पुण्याला असतो, आणि आप्पा.

‘पब्लिक बसत नाही’ यावर पण बोलायचंय. कसं बसेल? मागच्या दोन वर्षी पार्टीला स्टेज दिलं रात्री सव्वानऊला, त्याआधी सत्कार, मग पाहुण्यांची भाषणं, मग आणखी सत्कार. दहाला स्पीकर बंद, हा नियम २००० सालापासून आहे आणि तो बरोबरच आहे, म्हातारी माणसं असतात, परीक्षेची पोरं असतात. पण मग पाऊण तासात पेटी जुळवायची कधी, गायचं कधी, बतावणी करायची कधी? पूर्वी रात्रभर चालायचं ते आता चालणार नाही, कबूल. सहाला सुरू करा. साडेनऊपर्यंत व्यवस्थित होतं. भाषणं आधी उरकून घ्या किंवा दुसऱ्या दिवशी ठेवा. खुर्च्या फक्त पाहुण्यांना आणि मागं सगळे उभे, असंही करू नका, सतरंज्या टाका, लोक बसतात.

अपलोड करणाऱ्या भावांनो, तुमच्यासाठी एक कायद्याची गोष्ट. १९५७ चा कॉपीराइट कायदा आहे, त्यात गीतकाराचा हक्क तो गेल्यानंतर ६० वर्षं राहतो. म्हणजे दादांच्या गाण्यांवर तो २०६४ संपेपर्यंत आहे. हे झालं पैशाचं. पण त्याच कायद्याच्या कलम ५७ मध्ये लेखकाचा आणखी एक हक्क आहे, हे माझं आहे असं सांगण्याचा, आणि आपल्या नावाला बट्टा लागेल अशी मोडतोड झाली तर हरकत घेण्याचा. हक्क विकले तरी हा हक्क लेखकाकडेच राहतो. मी वकील नाही आणि तुम्हाला कोर्टात खेचायला हे सांगत नाहीये. ज्या बाबासाहेबांच्या नावाने आपण गाडी सजवतो त्यांनी आपल्याला कायद्याची भाषा शिकवली, तर आपल्याच कवीच्या बाबतीत ती लागू व्हायला नको का? दोन व्ह्यू कमी आले तरी चालतील, गीत वामनदादा कर्डक, एवढी एक ओळ टाकायला तुम्हाला दहा सेकंद लागतात.

आणखी एक गोष्ट जी मंडळांच्या हातात आहे आणि कुणी करत नाही. वह्या. आप्पांकडे लाल पुठ्ठ्याच्या चार वह्या आहेत. कार्यक्रमात, मुक्कामात, कुणाकडून ऐकून उतरवलेली गाणी, काही दादांची, काही दुसऱ्या शाहिरांची, शाई उडालेली, एका वहीला कसर लागलेली. त्यात दादांच्या नावाची काही गाणी अशी आहेत जी माझ्याकडच्या छापील संग्रहांत मला सापडली नाहीत. ती खरंच त्यांचीच की त्यांच्या नावावर कुणी केलेली, हे जाणकारांनी बघायला पाहिजे. पण बघायला आधी वही राहिली तर पाहिजे! अशा वह्या नाशिकरोडला असतील, देवळालीला असतील, सिन्नर, निफाड, येवला, दिंडोरी, सगळीकडे जुन्या ट्रंकांत असतील, आणि घर बदललं की रद्दीत जातात. माझ्या मावशीकडची अशीच गेली, दोन वह्या आणि एक कॅसेटचा डबा, घराला रंग द्यायचा होता म्हणून.

२०२२ ला दादांची जन्मशताब्दी होती. बॅनर लागले, फोटोला हार घातला, मीही घातला. आमच्या गल्लीत त्या वर्षीसुद्धा त्यांचं एक गाणं पहिल्या ओळीपासून शेवटच्या ओळीपर्यंत वाजलं नाही. याची मला आज लाज वाटते कारण तेव्हा माझ्या लक्षातही आलं नव्हतं, आप्पांचा हात वर राहिला तेव्हा आलं.

तर मागणं काय आहे ते सरळ लिहिते.

मिरवणुकीत दादांचं कोणतंही गाणं लावाल ते शेवटच्या कडव्यासकट लावा, आणि हे डीजेवाल्याला ॲडव्हान्स देतानाच सांगा, कारण नंतर रस्त्यावर तो कुणाचं ऐकत नाही. स्टेजवर गाणं म्हणायच्या आधी निवेदकाने गीतकाराचं नाव घ्यायचं, दादांचंच असं नाही, ज्याचं असेल त्याचं. पत्रिकेवर देणगीदारांची एवढी नावं छापता, तिथं एक ओळ गीतकारांसाठी ठेवा.

जयंतीच्या दिवसांतली एक संध्याकाळ गायन पार्टी आणि जलशासाठी, सहा ते साडेनऊ, मधे सत्कार नाही. एका मंडळाला परवडत नसेल तर तीन मंडळांनी मिळून करा. शहरात हॉल आहेत, दादासाहेब गायकवाड सभागृह आहे, कालिदास आहे, सायखेडकर आहे, तिथं वर्षातून एक प्रयोग करायला आपण सगळ्यांनी वर्गणी काढली तर जड नाही. आणि त्यात तरुण पोरंपोरी घ्या, आता बाईचं काम करायला बाप्याला लुगडं नेसायची गरज नाही, आमच्या विहारात चार मुली आहेत ज्यांना हे करायचंय, त्यांनी मला येऊन सांगितलंय.

वह्यांसाठी प्रत्येक मंडळाने एक माणूस नेमा. मोबाईलने पानापानाचा फोटो काढायचा, वही परत द्यायची, कुणाची वही कुठली ते लिहून ठेवायचं. खर्च शून्य. आमच्या चारही वह्यांचे फोटो काढून झालेत, ज्याला पाहिजे त्याला देते, अट एकच, गीतकाराचं नाव न वगळता वापरायची.

आणि जुन्या कलाकारांकडे जा. सत्काराला नाही, शाल देऊ नका, शाली खूप झाल्यात. बतावणी रेकॉर्ड करायला जा. आप्पांचं मी सुरू केलंय, रोज दुपारी चहानंतर अर्धा तास, ते दमले की थांबतो. सावकाराचं आख्खं बोलणं झालं, बाईचं चालू आहे.

१५ ऑगस्टला दादांचा जन्मदिवस, त्या दिवशी झेंडावंदनाला तसेही सगळे विहाराजवळ असतात. झेंडा झाला की लगेच पांगू नका. आप्पा ढोलकी घेऊन येणार आहेत, खुर्चीवर बसून वाजवतील, पेटीला शेजारचे काका आहेत. तीन गाणी म्हणणार आहोत, तिन्ही पूर्ण. ज्यांना शेवटची कडवी पाठ नाहीत त्यांच्यासाठी मी झेरॉक्स काढून ठेवते, वीसेक कॉपी आहेत, जास्त लोक येणार असतील तर आदल्या दिवशी सांगा.

आपली,
एका ढोलकीवाल्याची मुलगी
नाशिकरोड